मथुराबाईंचं कार्ड माझ्याच कप्प्यात होतं

मी कळंबच्या अर्पिताच्या कपाटातली निळी फाईल बोलतेय. प्लास्टिकची, बटणाची, आत बारा कप्पे असलेली. बटण आता लागत नाही, म्हणून मला रबर अडकवून ठेवतात. पण एके काळी मी दुकानातली सगळ्यात महागडी फाईल होते, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते बाजारातलं वह्या-पुस्तकांचं दुकान आणि एका दुपारी घाईघाईनं आलेला रणधीर. जळालेल्या पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं त्याचं छोटं दुकान होतं, हात कायम काळे. दुकानदारानं त्याला आधी साधी पुठ्ठ्याची फाईल दाखवली.

"ती नगं," रणधीर म्हणाला. "बायकोची ऑर्डर ठिवायचीय, भजी न्हाय."

त्याच दिवशी अर्पिताला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. त्या ऑर्डरला घडी पडू नये म्हणून मी विकत घेतली गेले. असा मान किती फायलींच्या वाट्याला येतो?

माणसं मात्र विचित्र. एकदा फाईल घरात आली की तिच्यात काय काय कोंबतात! मिक्सर मोडीत गेला तरी त्याचं गॅरंटी कार्ड माझ्याजवळ आहे. पासपोर्ट साइजचे फोटो आहेत, त्यातलं कुणीच स्वतःसारखं दिसत नाही. कागद जागेवर असला तर कुणी माझं नाव घेत नाही. सापडला नाही की "त्या मेल्या फायलीत बघा" म्हणतात. मी हे सगळं हसत सोसलं. घर सुखाचं होतं, तेव्हा सोसणं सोपं होतं.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी रणधीरला ताप आला. कळंबच्या दवाखान्यात चार दिवस, मग सोलापूरला. तिथल्या खिडकीवर पहिला प्रश्न आला, "विम्याचं कार्ड आहे का?" नव्हतं. अर्पितानं माझे बाराही कप्पे उलटेपालटे केले, जणू शोधल्यावर ते कुठून तरी निघेल. रणधीर दुसऱ्या दिवशी गेला. कार्ड असतं तरी तो वाचला नसता, असं डॉक्टरांनी तिला समजावलं. पण त्या खिडकीसमोर आपण रिकाम्या हातानं उभ्या होतो, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही.

चौदाव्या दिवशी तिचा भाऊ नळदुर्गहून तिला माहेरी न्यायला आला. अर्पितानं बॅग भरलीच नाही. "मी आईंजवळ राहते," ती म्हणाली. तोवर ती सासूला, मथुराबाईंना, आत्याबाई म्हणायची. मथुराबाईंनी फक्त मान वर करून तिच्याकडं बघितलं, आणि आठ दिवसांत बेंबळी गावातली शेती बटईनं लावून, एक पेटी घेऊन त्या कळंबला राहायला आल्या.

त्या दोघींचा संसार मी कपाटाच्या फटीतून बघितलाय. पहाटे मथुराबाई उठायच्या, भाकरी थापायच्या, डबा भरायच्या. संध्याकाळी डब्यात अर्धी भाकर परत आली की घर डोक्यावर घ्यायच्या.

"शाळंत पोरं शिकिवती का उपास करती गं?"

"आई, वेळ नाही मिळाला हो."

"चाळीस पोरं जेवू घालायला येळ हाय, आन् सोताला न्हाय!"

मग दोघी मिळून ती उरलेली भाकर दुधात कुस्करून खायच्या. मला वाटायचं, ह्या बायकांना आता कुणी दुखवू नये.

मागल्या वर्षी मार्चात अर्पितानं मथुराबाईंचा आरोग्य विमा काढला. घरी आली ती नाचतच. "आई, हे तुमचं कार्ड. आता कुठल्या खिडकीवर आपल्याला कुणी थांबवणार नाही."

"माझं? म्या काय म्हशीगत धडधाकट हाय. पैसं कशाला घालिवलं?" मथुराबाई फणकारल्या. पण अर्पिता शाळेत गेल्यावर त्यांनी ते कार्ड माझ्यातून काढलं आणि शेजारच्या धुरपताबाईला नेऊन दाखवलं. एकदा नाही, त्या आठवड्यात तीनदा.

"सुनंनं माझा इमा काढलाय."

"सुनंनं?" धुरपताबाई म्हणाली. "माझा तर पोटचा ल्योक बी काढंना."

कार्ड परत माझ्या कप्प्यात ठेवताना मथुराबाईंनी ते पदरानं पुसलं होतं.

आता ती चूक कशी झाली ते सांगते. जुलैत अर्पितानं आयकराचं विवरणपत्र भरलं. आरोग्य विम्याचा जो हप्ता भरला असेल, त्याची उत्पन्नातून वजावट मिळते. स्वतःचा वेगळा, आई-वडिलांचा वेगळा. अर्पितानं मथुराबाईंचा हप्ता आई-वडिलांच्या रकान्यात लिहून दिला. आपलं काही चुकतंय, हे तिच्या मनालाही शिवलं नाही. विवरणपत्र भरणारे अंबादासकाका. बाजारपेठेत जिन्यावर त्यांची एक खोली. त्यांनीही विचारलं नाही, कारण जिन्यात आणखी सहा जण खोळंबले होते.

डिसेंबरात तिच्या मोबाइलवर आयकर खात्याचा मेसेज आला. घेतलेली वजावट तपासून बघा, चूक असेल तर महिनाअखेरपर्यंत सुधारित विवरणपत्र भरा. अर्पिताचा चेहरा उतरला. रविवारी मथुराबाईंचा चष्मा करायला जायचंच होतं. त्यांना चष्म्याच्या दुकानात बसवून ती मला काखेत मारून जिना चढली.

अंबादासकाका भला माणूस. त्यांनी माझ्यातली पॉलिसी काढली, वाचली आणि कपाळावर हात मारला.

"मथुराबाई म्हणजे तुमच्या सासूबाई ना?"

"हो."

"मग चुकलं, मॅडम. कायद्यात नवरा-बायको, मुलं आणि स्वतःचे आई-वडील. सासू-सासरे त्यात बसत नाहीत."

"पण हप्ता तर मीच भरते."

"भरा की! पॉलिसीला काही झालेलं नाही, कार्ड उद्याही चालेल. फक्त करातली सवलत मागता येत नाही. तेवढी काढून टाकू, राहिलेला कर आणि थोडं व्याज भरू, विषय संपला. आपणहून दुरुस्त करणाऱ्याला कुणी खात नाही."

अर्पितानं विचारलं, "काका, त्या आई नाहीत असं कुठं लिहावं लागतं का?"

"नाही हो. नुसता आकडा काढायचा."

मला तिचा हात माझ्यावर सैल पडलेला जाणवला. हे सगळं मथुराबाईंनी ऐकायला हवं होतं. पण त्या जिना चढून दारात आल्या तेव्हा काका मेसेजकडं बोट दाखवून म्हणत होते, "वेळेत केलं ते बरं. खोटी माहिती दिली असं धरलं असतं तर नोकरदार माणसाला फुकटचा ताप."

एवढंच त्यांच्या कानावर पडलं. त्या भिंतीला धरून खुर्चीत बसल्या.

शेवटी ओटीपी यायचा होता. त्या खोलीत रेंज नाही, म्हणून अर्पिता मोबाइल घेऊन खाली रस्त्यावर गेली. खोलीत काका, मथुराबाई आणि टेबलावर मी.

"साहेब," मथुराबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या इम्यापायी झालं का ह्ये?"

"त्यापायीच, मावशी."

"पोरीच्या नोकरीला काय व्हनार न्हाय नव्हं?"

काकांना चेष्टेची सवय. येणाऱ्याची भीती घालवायला ते असंच काहीबाही बोलतात. एकाला म्हणाले होते, तुमचा परतावा म्हशीवर बसून निघालाय, वाटेत पाणी प्यायला थांबलाय. त्यांनी डोळे मोठे केले.

"तुमच्यावर हाय आता सगळं! ते कार्ड घेऊन दवाखान्यात जाऊ नका म्हणजे झालं. गेलात तर मोठं साहेब येतील, म्हणतील ही कोण म्हातारी? चला मास्तरीणबाई, आत बसा!"

आणि स्वतःच खदखदून हसले. मथुराबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पदर ओठावर धरला. मी ओरडायला हवं होतं. कागद पोटात घालून गप्प बसणं एवढंच मला शिकवलेलं आहे.

तेवढ्यात खालून अर्पितानं आकडे ओरडून सांगितले, काकांनी ते टाकले, आणि चूक दुरुस्त झाली. वर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं होतं. जिना उतरताना ती म्हणाली, "चला आई, सुटलो एकदाचे. रस प्यायचा का?" मथुराबाई नको म्हणाल्या.

संक्रांतीनंतर त्यांना धाप लागायला लागली. डाव्या हाताला कळ यायची. अर्पिता घरात असली की त्या हात पदराखाली घ्यायच्या. ती गेली की ओव्याचा शेक घेत बसायच्या.

"आई, चेहरा असा का झालाय? चला, दाखवून येऊ."

"पित्त हाय गं. शेंगाची चटणी खाल्ली काल."

"मग निदान गोळी घ्या."

"घेतली. तू जा, पोरं खोळंबली असतील."

अर्पिताच्या मागं तेव्हा परीक्षा, सर्वेक्षण, कुठकुठली प्रशिक्षणं. तिनं विश्वास ठेवला. मी तिला दोष देत नाही. मथुराबाई खोटं बोलतील असं कुणालाच वाटलं नसतं.

एका दुपारी मथुराबाईंनी कपाट उघडलं. मला मांडीवर घेतलं, रबर काढलं, कार्ड बाहेर काढलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण नवा चष्मा लावून त्या त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. मध्येच छाती दाबून धरली. मला वाटलं, आता धुरपताबाईला हाक मारतील, दवाखान्यात जातील.

"ऱ्हाऊ दे," त्या कार्डाला म्हणाल्या. "तिचा नवरा गेला, आता नोकरी जाया नगं."

आणि कार्ड जिथल्या तिथं ठेवलं. मला त्या दिवशी फाटून जावंसं वाटलं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्या दारात तूर पाखडत होत्या. सूप हातातून सुटलं. धुरपताबाईनं शाळेत फोन केला, रिक्षा आणली. अर्पिता धावत घरी आली, आधी कपाटातून मला घेतलं. कळंबच्या डॉक्टरांनी तपासून लगेच धाराशिवला न्यायला सांगितलं. अॅम्ब्युलन्समध्ये मी अर्पिताच्या मांडीवर होते. येरमाळा मागं पडलं तेव्हा मथुराबाईंनी डोळे उघडले. मी त्यांना दिसले. त्यांनी हात लांब करून माझ्यावर ठेवला. त्या हातात बळ नव्हतं, तरी त्यांनी मला दाबून धरलं.

"ती फाईल नगं काढू, पोरी. नगं काढू."

"आई, खर्चाचं मनात आणू नका हो," अर्पिता रडत म्हणाली. "तुमचं कार्ड आहे ना!"

मथुराबाईंनी मान हलवली, नाही, नाही म्हणून. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

धाराशिवच्या दवाखान्यात खिडकीवरच्या मुलीनं कार्ड घेतलं, नंबर टाकला. कुणी साहेब आले नाहीत. कुणी काही विचारलं नाही. "मंजुरी आलीय, मॅडम, आता काळजी नाही," ती मुलगी म्हणाली. अर्पितानं मला छातीशी धरलं आणि पहिल्यांदा दम घेतला. अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले, तेव्हा मथुराबाई गेल्या होत्या.

"महिनाभर तरी त्रास होत असणार यांना," ते म्हणाले. "तुम्हाला कधीच बोलल्या नाहीत?"

खिडकीवरच्या मुलीनं कार्ड परत आणून दिलं आणि अर्पितानं ते माझ्या कप्प्यात ठेवलं.

पुन्हा जुलै आला. परवा ती मला घेऊन अंबादासकाकांकडं गेली होती. जिन्यात तशीच गर्दी. काकांनी तिला पाणी दिलं, पंखा वाढवला.

"यंदा वजावटीत काही, मॅडम?"

"काही नाही."

काकांनी चष्मा काढून पुसला. या वेळी ते चेष्टा करत नव्हते. "मला राहून राहून एकच वाटतं. मावशींनी दुखणं असं अंगावर का काढलं असेल? तुम्ही तर सगळी सोय करून ठेवली होती."

"मीच कमी पडले, काका," अर्पिता म्हणाली. "त्यांचं नाव मी त्या रकान्यातून काढलं, ते त्यांच्या मनाला लागलं असणार. सून ती सूनच, असं वाटलं असेल त्यांना. शेवटी फाईलसुद्धा काढू देत नव्हत्या. माझं काहीच नको होतं त्यांना."

काकांचे डोळे भरून आले. त्यांना खरोखर काही आठवत नव्हतं. दिवसाला तीस माणसं येतात, तीस चेष्टा होतात. मी दोघांच्या मधे टेबलावर पडून होते.

तुम्ही माझं ऐकलंत, म्हणून तुम्हालाच विनवते. कधी कळंबला आलात तर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत मास्तरीणबाईंचं घर विचारा, कुणीही दाखवेल. काकांचं नाव सांगायचं की नाही, ते माझ्याच्यानं ठरत नाही, तुम्ही ठरवा. पण अर्पिताला एवढं सांगा, की मथुराबाई तिच्यावर रुसून गेल्या नाहीत. आपल्यापायी लेकीची नोकरी जाईल, म्हणून त्या दुखत असूनही गप्प राहिल्या.