टेबलाच्या वर, टेबलाच्या खाली आणि शुक्रवारपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. कापड बेतता यावं म्हणून सुताराने मला मुद्दाम लांबरुंद केलं. शिवणकामाच्या दुकानात माझी तीस वर्षं गेली. कात्रीचे ओरखडे आणि इस्त्रीचे चटके मी मुकाट्याने सोसले. पण गेल्या वर्षी मालकीणबाई सुनेकडून इंग्रजी शिकू लागल्या आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

"बुक ऑन द टेबल. कॅट अंडर द टेबल." उठता बसता हेच! जगात दुसऱ्या वस्तूंचा दुष्काळ पडला होता का? मांजर तर आमच्याकडे कधीच नव्हतं, तरी बाई वाकून माझ्याखाली बघायच्या.

अशातच एका इस्पितळाची साठ गाउनांची ऑर्डर आली. एवढी मोठी ऑर्डर पहिलीच. तिथल्या स्टोअरच्या साहेबांना मराठी येत नव्हतं. बाईंनी हौसेने स्वतःच मेसेज धाडला, "गाउन्स विल बी रेडी टिल फ्रायडे."

मंगळवारी साहेबांचं उत्तर आलं. गाउन शुक्रवारपर्यंतच मिळणार असतील तर उद्याच गाडी पाठवतो. रिकामी परत आली तर काम दुसऱ्याला देतो. माझ्यावर तर अजून नुसत्या बाह्या पडल्या होत्या!

"अहो आई, टिल म्हणजे तोवरच मिळतील, पुढे नाही," सून म्हणाली. "त्या दिवसापर्यंत तयार होतील म्हणायला बाय हवं होतं."

"मराठीत दोन्हीला पर्यंतच म्हणतात की गं!"

"द्या तो मोबाईल. मी लिहिते."

बाईंचा चेहरा उतरला. "घे बाई. या वयात नसती थेरं. उद्यापासून शिकणं बंद."

मला राग आला तो सुनेचा. महिनोन्महिने त्या बाईला माझ्या वरखाली नाचवलं आणि शिवणाऱ्याला रोज लागणारा शब्द तेवढा शिकवला नाही!

सुनेलाही ते उमजलं असावं. तिने मोबाईल परत केला. "चुकलं माझं, आई. तुम्हीच लिहा."

बाईंनी चष्मा चढवला आणि एका बोटाने एकेक अक्षर दाबलं. "सॉरी. नॉट टिल. रेडी बाय फ्रायडे." उत्तर येईस्तोवर दोघींनी मशीनला हात लावला नाही. शेवटी साहेबांचं "ओके" आलं. शुक्रवारी सकाळी साठही गाउन माझ्यावर घडी होऊन तयार होते.

मित्रांनो, मला पॉलिश केलं नाहीत तरी चालेल. पण शिकणारा चुकला, तर त्याच्या हातातलं काम हिसकावून घेऊ नका. चूक त्याची असते, दुरुस्तीही त्यालाच करू द्या.