शिंपल्यांचा चुरा

रखमाने पोत्यात हात घातला, मूठभर माती वर काढली आणि नाकाशी नेली. बाजारात मासळीचा कल्ला उचलून बघावा तशीच ती मातीही बघत होती. नर्सरीवाला जयवंत शेजारी उभा होता.

"मावशी, लाल माती आणि शेणखत. डोळे मिटून घेऊन जा."

"नको. याच्यात पाणी थांबेल."

"मग कोकोपीट घ्या. आता सगळे तेच नेतात."

"ते तर आणखी पाणी धरतं. झाडाच्या मुळाला गारवा हवा, चिखल नको. पोरीनं बजावलंय."

तिने मोबाइलवरचा फोटो पुढे केला. बर्फातून वर आलेलं एक फूल, मान खाली घातलेलं. परळमध्ये इतकी वर्षं रोपं विकून जयवंतने असलं काही पाहिलं नव्हतं. हेलेबोर हे नाव त्याने दोनदा विचारून घेतलं आणि दोन्ही वेळा सोडून दिलं.

हे झाड स्कॉटलंडहून आलं होतं. रखमाची मुलगी चैत्राली तिथे राहत होती. तिने आपल्या कुंडीतल्या झाडाची मुळासकट एक फूट काढून, ओल्या कागदात गुंडाळून, मावसभाऊ केतनच्या बॅगेतून आईला पाठवली. रखमाने ती वरळी कोळीवाड्यातल्या घराच्या दारात कुंडीत लावली आणि कौतुकाने रोज मासळी धुतलेलं पाणी घातलं. तिची मिरची, तिची अबोली त्याच पाण्यावर माजली होती. या झाडाची पानं मात्र कडेने काळी पडली. खारं पाणी त्याला चालत नाही, हे चैत्रालीने सांगितलं तेव्हा तीनपैकी एकच पान हिरवं उरलं होतं.

शेवटी पालापाचोळ्याचं खत आणि जाड रेती ठरली.

"रेती चौपाटीची घेऊ नका हां," जयवंत म्हणाला.

"मी कोळीण हाय. खारं-गोडं मला नको शिकवू," रखमा म्हणाली. काळ्या पानांबद्दल तिने त्याला अर्थातच काही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी चैत्रालीचा फोन आला. फोन वाजला की तिचा बाप, जगन, हातातलं जाळं खाली ठेवायचा, चपला घालायचा आणि बाहेर पडायचा. चार वर्षं हे असंच चाललं होतं. शिकायला म्हणून गेलेल्या पोरीने तिकडेच लग्न केलं आणि बापाला कळलं ते फोटोवरून, लग्न झाल्यानंतर. जावयाबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. आपल्याला विचारलं नाही, एवढंच त्याला लागलं होतं आणि ते त्याच्याच्याने गिळवत नव्हतं. माघार घ्यावी असं मनात यायचं, पण सुरुवात कुठून करायची हे त्याला ठाऊक नव्हतं. रखमाला त्या दोघांच्या मधे उभं राहून राहून कंटाळा आला होता.

"आई, मातीत थोडा चुना लागेल," चैत्राली सांगत होती.

"पानाला लावायचा चुना हाय की."

"तो नको, मुळं जळतील. शिंपल्यांचा चुरा घाल, पण बारीक. आणि मीठ राहता कामा नये."

"कुटायला वेळ कुठाय गो मला? पहाटे मी बाजारात."

दारात जगन चपलेत पाय घालत होता. रोजच्यापेक्षा त्याला जरा उशीर लागला.

झाड नव्या मातीत गेलं. रखमा अंधारातच टोपली घेऊन दादरच्या मासळी बाजारात जायची आणि दुपारी परतायची. कुंडीखालची जमीन तेव्हा ओली असायची. शेजारणीचं पाणी सांडत असेल म्हणून तिने दोनदा शेजारणीला बोलही लावले.

मग एका रविवारी लसूण ठेचायला तिने खलबत्ता काढला. तळाशी पांढरी भुकटी बसली होती.

"अवो, याच्यात काय कुटलंत?"

जगन जाळ्याची गाठ मारत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"शिंपल्या. तू तिसऱ्यांचं कालवण केलं होतंस, त्यांच्या."

"खाऱ्याच?"

"बादलीत भिजत ठेवल्या होत्या. रोज पाणी बदललं. चाटून बघितलं, मग कुटल्या."

"माझ्या मसाल्याच्या खलबत्त्यात?"

"दुसरा कुठाय घरात?"

रखमा बाहेर कुंडीपाशी गेली. मातीवर गोणपाटाचा तुकडा अंथरलेला होता आणि त्यावर बर्फाचा खडा, अर्धा विरघळलेला. मासळीवरचा नव्हता, बर्फाच्या कारखान्यातला कोरा होता. तिला हसू आलं आणि रडूही आलं. ती आत आली आणि लसूण सुरीने चिरू लागली.

जानेवारीत मधोमध एक नवं पान फुटलं, मुठीसारखं मिटलेलं. संध्याकाळी चैत्रालीचा व्हिडिओ कॉल आला आणि रखमाने मोबाइल कुंडीसमोर धरला. जगन उठला.

"आई, हे जगलं?" चैत्रालीचा आवाज बदलला. "मला वाटलं होतं, गेलं असेल. शिंपल्या तू कुटल्यास?"

खोटं बोलणं रखमाला जमलं असतं, पण तिने मोबाइल जगनकडे वळवला. जगनचा एक पाय चपलेत होता.

"तिला विचार," तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "चुरा जास्त तर नाय झाला?"

"नाय बाबा," चैत्राली म्हणाली. "बरोबर हाय."

जगनने चपलेतून पाय काढला. तो पुन्हा जाळ्यापाशी बसला आणि घसा साफ करून म्हणाला,

"पाणी एक दिवसाआड घालायचं की रोज, ते पण विचार."

"तुमीच विचारा," रखमा म्हणाली. तिने मोबाइल त्याच्या मांडीवरच्या जाळ्यात ठेवला आणि खलबत्ता उचलून मोरीत गेली. तो धुतलेलाच होता. तिने नळ सोडला आणि तो पुन्हा धुवायला घेतला.