अकरावं बोट

त्या दिवशी बाबांच्या चष्म्याची काडी मोडली, एवढंच काय ते घडलं. त्यांनी ती काळ्या चिकटपट्टीने गुंडाळली आणि लेकीसोबत रोजच्यासारखे तळघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. दारामागच्या खोलीतून शहरातल्या अठरा दवाखान्यांच्या संगणकांचं जाळं चालायचं. बाबा तिथल्या बॅटऱ्या सांभाळायचे. लेक वरच्या मजल्यावर बसून जाळ्याची सुरक्षा सांभाळायची.

पासवर्ड तिनेच बंद करवले होते. "पासवर्ड मारहाण करून काढून घेता येतो," ती बैठकीत ठासून म्हणाली होती. "बोट कोण काढून घेणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ठसे घ्यायला सुरुवात झाली, तर बाबांचं एकही बोट मशीन ओळखेना. तीस वर्षांच्या अ‍ॅसिडने रेषा पार पुसून टाकल्या होत्या. ज्याचं बोट लागणार नाही त्याला घरी पाठवायचं ठरलेलं. तेव्हा तिने बाबांच्या नावापुढे गुपचूप स्वतःची डावी करंगळी नोंदवली.

तिने करंगळी टेकवली. हिरवा दिवा लागला, काचेवर बाबांचा फोटो आला.

"फोटो तुमच्यापेक्षा तरुण दिसतो," ती म्हणाली.

"शाळेत करंगळी दाखवली की बाहेर सोडायचे," बाबा हसले. "तू बापाला आत सोडतेस."

"उद्या नवा चष्मा घेऊनच येते. दुकान नऊला उघडतं."

"मी बसतो स्टुलावर. धावत येऊ नका, बाईसाहेब."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून आठ मिनिटांनी दोन माणसं जिन्याने खाली उतरली. तोंडं झाकलेली. पुढचं सगळं तिने नंतर कॅमेऱ्यात पाहिलं, आवाजासकट.

"उघड, म्हाताऱ्या."

"माझं बोट घेत नाही हे मशीन. झिजलंय."

"यादीत नाव आहे तुझं. रोज आत जातोस. नाटकं नकोत."

एकाने बाबांचं मनगट पिरगाळून अंगठा काचेवर दाबला. लाल दिवा. दुसऱ्याने त्यांचं डोकं भिंतीवर आपटलं. चिकटपट्टीचा चष्मा फरशीवर पडला आणि बुटाखाली चुरडला गेला. दुसरं बोट. लाल. पोटात गुडघा. तिसरं. लाल. चौथं काचेवरून उचललं आणि सावकाश मागे वाकवलं. मोडल्याचा आवाज कॅमेऱ्याने नीट टिपला होता. बाबा खाली कोसळले. केस धरून त्यांना पुन्हा उभं केलं.

"मग रोज कोणाच्या बोटाने उघडतं? बोल."

बाबांनी जिन्याकडे पाहिलं. त्या क्षणी ती काउंटरवर उभी राहून नव्या चष्म्याच्या काड्या उघडून बघत होती. एक फोन केला असता तर ती धावत आली असती.

बाबांनी तोंडातलं रक्त थुंकलं. "माझ्याच. अजून सहा बोटं आहेत की, लावून बघा."

सातव्या नकारानंतर त्यांनी कॅमेरा फोडला. त्यापुढे उरल्या त्या फक्त मशीनच्या नोंदी. चार मिनिटं काहीच नाही. मग आठवा नकार, नववा, दहावा. त्या तिन्ही वेळा बोटं हाताला नव्हती.

ती नऊ चाळीसला पोचली. बाबा स्टुलाच्या पायाशी पडले होते. गळ्यातून अजून रक्त येत होतं. मलमपट्टीची पेटी आत होती. तिने बाहीने काचेवरचं रक्त पुसलं आणि करंगळी टेकवली. हिरवा दिवा. फोटोतले बाबा हसले. पेटी आणून ती गुडघ्यांवर बसली तोवर ते गेले होते.

लोक धावत आले तेव्हा दार उघडंच होतं. कोणी उघडलं, हे तिला कोणीच विचारलं नाही. ती अकरा दिवस गप्प राहिली.

बाराव्या दिवशी साहेबांनी तिला अहवालावर सही करायला बोलावलं. समोर तपास अधिकारी बसले होते.

"दहा नोंदी लाल आहेत," साहेब हळुवारपणे म्हणाले. "अकरावी हिरवी. नऊ चाळीस, वडिलांच्या नावावर. शेवटी माणूसच तो, खचला असणार. कोणी दोष देत नाही. फक्त लिहावं लागेल की दार त्यांनी उघडून दिलं."

"आतून काय काय गेलं, ते माझी माणसं शोधतायत," अधिकारी म्हणाले.

तिने पेन उचललं. सही केली असती तर नोकरी टिकली असती, घरी कोणी चौकशीला आलं नसतं. पर्समध्ये नवा चष्मा अजून डबीत होता. बोटांना डबी लागली.

तिने पेन खाली ठेवलं.

"चला," ती म्हणाली.

दोघांना घेऊन ती तळघरात आली. काच आता स्वच्छ होती. तिने डावी करंगळी टेकवली. हिरवा दिवा लागला आणि बाबांचा फोटो हसत समोर आला. साहेबांनी आधी फोटोकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे.

"अकरावं बोट माझं आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माझंच होतं. ते मलाच शोधत होते आणि बाबांनी सांगितलं नाही."