नळ्यांची आंघोळ

खंडेनवमीच्या सकाळी अहिल्या देशकर बालाघाटातल्या एका राइस मिलच्या मागच्या शेडमध्ये शिरली, तेव्हा आत कसलाच आवाज नव्हता. तीन वर्षांत ही शेड कधी गप्प बसली नव्हती. जीवाणूंच्या टाकीतला पंखा फिरायचा, हवेचा पंप धापा टाकायचा, कोपऱ्यातला फ्रीजर घरघरायचा. आज टाकीला झेंडूची माळ होती, फ्रीजरवर कुंकवाचे स्वस्तिक होते आणि मेन स्विच खाली पाडलेला होता.

टाकीतले जीवाणू कुठे गेले, असे तिने महागूला विचारले. महागू मिलचा जुना माणूस; शेडची झाडलोट त्याच्याकडे. टाकी रिकामी करून सोड्याच्या उकळत्या पाण्याने घासली, असे त्याने कौतुकाने सांगितले. दरवर्षी ही शेड पूजेतून सोडून द्यायचे, पण यंदा शेठजींचाच हुकूम होता. नवमीला यंत्र धुवायचे, पुजायचे आणि दिवसभर चालवायचे नाही.

अहिल्या फ्रीजरकडे धावली. आत काही नव्हते. जीवाणूंचे राखीव बियाणे गोठवून ठेवलेल्या नळ्या समोरच्या पाटावर ओळीने मांडल्या होत्या. स्वच्छ, कोरड्या, प्रत्येकीच्या टोपणावर कुंकू.

"तुमीच म्हनत होते न बाई, याईत जीव हाय," महागू म्हणाला. "मंग बिना आंघोळीचं पूजेले कसं बसवू? आतून चिकट होत्या. गरम पान्यानं चांगली आंघोळ घातली."

ती पाटाशेजारीच बसली.

हे जीवाणू कनकीपासून, म्हणजे तांदळाच्या तुकड्यांपासून काढलेली साखर खात आणि तिचे व्हिनेगर करत, दारू करत, थोडेसे लॅक्टिक आम्लही करत. मातीत विरणारे प्लॅस्टिक करायला लागते ते हे शेवटचे. अहिल्याने त्यांच्या जनुकांत फेरफार करून बाकीच्या वाटा एकेक करून बंद केल्या. वाटा बंद झाल्या तसे ते मरतुकडे झाले. मग त्यातून तगलेले निवडायचे, पुन्हा वाढवायचे, पुन्हा निवडायचे. बालाघाटात लोक तिला दहीवाली मॅडम म्हणून हसले, तिने हसू दिले. आईच्या आजारपणातही ती जीवाणूंच्या वेळा सांभाळून घरी गेली. गेल्या महिन्यात पहिल्यांदा जवळजवळ सगळ्या साखरेचे आम्ल झाले. तसे जीवाणू जगात दुसरीकडे कुठेच नव्हते.

मिलचे मालक घनश्याम शेठ प्रसादाचे ताट घेऊन आले. काय झाले ते ऐकून त्यांनी पेढा पुढे केला.

"अरे मॅडम, कीडे ही तो हैं. नागपूर से दूसरे मंगा लो."

अहिल्याच्या डोक्यात तिडीक गेली. ती उठली.

"काल संध्याकाळी सांगितलं होतं तुमाले, मागच्या शेडची लाइन बंद करू नका. हौ म्हनले होते तुमी. नळ्यांची एक जोड नागपूरच्या लॅबमध्ये ठेवू द्या म्हटलं, तर आपली चीज दुसऱ्याच्या घरी काहून ठेवायची, हे कोन म्हनलं?"

शेठने तिच्याकडे पाहिलेच नाही. ते महागूकडे वळले. "इसी गधे ने बिगाडा. कल से मत आना."

"त्याले कामावरून नाही काढायचं," अहिल्या म्हणाली. "त्यानं त्याईले जिवंत तरी समजलं. तुमी तर तेबी नाही समजले."

शेठने टाकीवर दोन टिचक्या मारल्या. टाकी मजबूत आहे, म्हणाले, उकड्या तांदळासाठी धान भिजवायला कामी येईल.

अहिल्याने पेढा ताटात परत ठेवला. भिंतीपाशी जाऊन मेन स्विच वर केला. आज नाही, आज चालवायचे नाही, अपशकुन होतो, असे शेठ ओरडत राहिले. ती स्विचवर हात ठेवून उभीच राहिली. रिकाम्या टाकीत पंखा कोरडाच फिरू लागला. फ्रीजर घरघरला.

महागूने चपला दाराबाहेर काढल्या, आत येऊन पाटावरच्या नळ्या उचलल्या आणि एकेक करून परत फ्रीजरमध्ये ठेवल्या.