मार्थाबाईंची पट्टी

साहेब, बेलापूरच्या देवळात मार्थाबाईंचं तोंड तुम्ही बंद केलंत. पेटीनं नाही, गिटारीनं नाही. तुम्ही. घडलं ते सगळ्यांसमोर घडलं, म्हणून मीही सगळ्यांसमोर लिहितो.

आमच्याकडे लेकराचा बाप्तिस्मा झाला की डोक्यावरचं पाणी पुसायच्या आधी आजीनं पाळणा म्हणायचा. शास्त्रात नसेल, आमच्यात आहे. दानीएल हा मार्थाबाईंचा पहिला नातू; लेकीची कूस फार उशिरा उजवली. बाईंनी पाळणा स्वतः रचला, जात्यावर दळता दळता. त्यांचा आवाज भरदार, खालचा, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. त्या आवाजासाठी मी गिटारीच्या सगळ्या तारा उतरवून ठेवल्या होत्या.

ही गिटार नगरच्या छावणीतला एक गोरा शिपाई लढाई संपल्यावर घरी जाताना मला देऊन गेला. मला गुरू नाही. बोटं ठेवायच्या चारदोन जागा त्यानंच दाखवल्या, तेवढ्याच येतात. जागा त्याच ठेवून गाणं खाली न्यायचं तर खुंट्या सैल करायच्या, एवढं मला कळतं. शिवाय ताणलेली तार टणटण करते, उतरवलेली घुमते. ऊब येते तिला.

त्या दिवशी तुम्ही मिशनच्या बंगल्यावरून टांग्यानं आलात, ऐकलंत आणि कपाळाला आठ्या घातल्यात.

“शलमोन, हे वाद्य उतरलंय.”

“उतरवलंय, साहेब. मार्थाबाईंसाठी.”

“पेटीशी जुळत नाही.”

“मग पेटी खालून वाजवायला सांगा की. कारभारी मास्तरांची बोटं काय वर चिकटवलीत?”

पेटीवर बसलेले कारभारी मास्तर खुदकन हसले आणि तुमचं डोकं फिरलं. तुम्ही उपासनेच्या गाण्यांचं पुस्तक उघडलंत. “उपासनेत एकच पट्टी राहील. ठरलंय.” कोणी ठरवलं, ते नाही सांगितलंत. अहो, बाईंचा पाळणा तुमच्या पुस्तकात नाहीच! जे पुस्तकात नाही त्याला पुस्तकाची पट्टी कशाला?

मी भांडणार होतो. पण बाईंनीच डोळे वटारले. नातवाच्या दिवशी तंटा नको. मी तारा चढवल्या. बारीक तार कुईकुई करत वर गेली.

पाणी पडलं. दानीएल रडला. बाई उभ्या राहिल्या. पहिली ओळ कशीबशी निघाली, दुसरीत आवाज चिरला. मागच्या सतरंजीवर कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी पुन्हा धरलं, पुन्हा चिरला. तेवढ्यात तुम्ही मरियाबाईंना बोटानं खूण केलीत. मरियाबाई शाळेत शिकवतात, गळा बारीक आणि गोड. त्यांनी पुस्तकातलं गाणं म्हटलं, छान म्हटलं. त्यांचा दोष नाही. पण पाळणा राहिला. मार्थाबाई खाली बसल्या आणि पदरानं स्वतःच लेकराचं डोकं पुसू लागल्या.

उपासना सुटल्यावर अंगणात बाया जमल्या. शेजारची चांगुणा म्हणाली, “मार्थाक्का, या सायबाला एकदा जात्यावर बसवा. पायली दळू द्या, मंग बघू कुटली पट्टी निघती त्येच्या गळ्यातनं.”

सगळ्या हसल्या. मार्थाबाई हसल्या नाहीत. मी तोवर खुंट्या सैल केल्या होत्या.

“आता म्हना बाई. हितंच म्हना.”

“हितं कुनाला ऐकवू? कोंबड्यांना व्हय?” मग पदर सावरून म्हणाल्या, “मला देवाम्होरं म्हनायचं हुतं, शलमोन. मान्साला माझा आवाज जाड वाटतो, त्ये लई दिस ठावं हाय. देवालाबी वाटतो का, येवढं तुज्या सायबाला इचार.”

मी विचारायला आलो तेव्हा तुम्ही त्याच बाईंच्या हातचं कोंबडीचं कालवण ओरपत होतात. “झक्क झालंय,” म्हणालात आणि हात धुऊन टांग्यात बसलात. पाळकांना विचारलं, तर ते म्हणतात साहेबांच्या शब्दाशिवाय काही होणार नाही.

बाई आता देवळात येतात, पण ओठ हलवत नाहीत. घरी दळतानासुद्धा गप्प. दानीएलचा पाळणा अजून राहिलाय. येत्या रविवारी मी तारा उतरवूनच देवळात येणार आहे. मार्थाबाईंनी उभं राहून, त्यांच्या आवाजात, देवासमोर तो म्हणायचा की नाही? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पुस्तक उघडू नका. मला उत्तर द्या.