ऊर्मिला अजून यायची होती

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांची एकुलती एक लेक ठकी रामायणाच्या नव्या मालिकेत ऊर्मिला झाली होती. लक्ष्मणाची बायको. नवरा वनवासाला निघाला की हिचं काम संपलं, ते थेट सगळे परत येईपर्यंत. पण मास्तरांना तेवढंही पुरे होतं. गिऱ्हाइकाच्या पँटीचं माप घेता घेता ते सहज म्हटल्यासारखं सांगत, "सीतेची बहीण आमच्याच घरातली हो."

राजवाड्याचा सेट भाड्याचा, म्हणून निरोप आणि परतणं, दोन्हींचं चित्रीकरण एकाच दिवशी उरकून घेतलं होतं. घरी येऊन ठकी हसत सुटली होती. "बाबा, सकाळी नवरा वनवासाला गेला आणि माझा डबा खाऊन होतोय तोवर परत आलासुद्धा!"

निरोपाचा भाग तिघांनी मिळून पाहिला. पुढे थोड्याच दिवसांत ठकीला साधा ताप आला आणि त्या तापातच हसतीखेळती पोरगी गेली. आईनं टीव्हीकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. मालिका लागली की ती स्वयंपाकघरात जाऊन बसे. मास्तर मात्र समोरून हलत नसत. त्यांची ठकी अजून एकदा यायची होती.

सुरुवातीला त्यांना दम निघेना. मालिकावाल्यांनी पाणी घालायचा सपाटाच लावला होता. सुटलेला बाण लागेपर्यंत मध्ये जाहिराती येऊन जायच्या. "आटपा की लेको," मास्तर टीव्हीवर खेकसत. मग सेना समुद्रापार गेली, एकेक राक्षस पडू लागला, आणि एका संध्याकाळी मास्तर खेकसायचे थांबले. ठकीचं न पाहिलेलं असं जगात एवढंच उरलं होतं. तेही पाहून झालं की मग काय? त्या दिवसापासून हा देवभोळा माणूस चक्क रावणाच्या बाजूचा झाला. उडालेल्या डोक्याच्या जागी दुसरं उगवलं की त्यांना हायसं वाटे. शेजारचा न्हावी एकदा म्हणाला, "मास्तर, या आठवड्यात रावणाचा निकाल लागतोय बघा." मास्तर त्याच्याशी धड बोललेही नाहीत.

शेवटी रावण मेलाच. सगळे राजवाड्याच्या दाराशी पोचले तसे मास्तरांनी उठून टीव्ही बंद केला.

आई बाहेर आली. "बंद का केलात हो?"

"बघितलं की संपेल गं. राहू दे तिचं यायचं बाकी."

आई टीव्हीपाशी आली. "एवढी सगळी लढाई बघितलीत," ती म्हणाली, "आणि आता पोरगी दारात उभी आहे, तर तोंड फिरवता होय?" तिनं टीव्ही लावला आणि इतक्या महिन्यांनी त्यांच्या शेजारी येऊन बसली.

राजवाड्यात एकच गर्दी उसळली होती. लक्ष्मण आयांच्या पाया पडला, भावांना भेटला, आणि सगळ्यांत शेवटी खांबापाशी उभ्या असलेल्या ठकीसमोर आला. तिनं मान वर केली. तिचे ओठ हलले, पण वरून वाद्यांचा नुसता कल्लोळ चालला होता. तेवढ्यात रामाचं सिंहासन दिसू लागलं. ती पुन्हा दिसली नाही.

"काय म्हणाली गं ती?" मास्तरांनी विचारलं.

आईलाही ऐकू आलं नव्हतं. "'आलात?' म्हणाली."

"आलो गं बाळा," मास्तर टीव्हीकडे बघत म्हणाले, आणि ठकी गेल्यापासून पहिल्यांदाच ओक्साबोक्शी रडले.