नवी पूड, जुनी अक्षरे

मित्रांनो, फिरकीचे झाकण आणि पोटावर निळी पट्टी असलेला मी एक साधा डबा. वय विचाराल तर सहाच वर्षे. पण प्लास्टिकच्या डब्याला तेवढ्यात म्हातारपण येते. कारखान्यात माझ्यात राखाडी पूड भरली गेली, आत छोटा पांढरा चमचा पडला आणि पोटावर अक्षरे चिकटली : 'कामकरी व खेळाडू कुत्र्यांसाठी. रोज एक सपाट चमचा.' मला तोंड आहे, पण ते ओतण्यापुरते. माझ्या वतीने बोलायचे काम त्या अक्षरांचे.

मी ज्या घरी आलो तिथले गृहस्थ शोधपथकातल्या कुत्र्यांना शिकवत. गळ्यात कायम शिटी, म्हणून सगळे त्यांना शिटीवाले म्हणत. त्यांच्या पत्नी शिवणकाम करत. गल्लीतली मुले त्यांना मावशी म्हणत, मीही तेच म्हणेन. आणि ठिपकी. कानावर काळा डाग असलेली तपकिरी कुत्री. पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यावर ती नाक टेकवून फिरे आणि खाली अडकलेल्या माणसाचा वास लागला की जागच्या जागी बसून भुंके.

एवढी धावपळ झाली की शरीरात इंधन खूप जळते आणि त्याच्या जणू ठिणग्या उडतात. त्या विझवायची सोय शरीरात असतेच. माझ्यातली पूड तिला थोडा हातभार लावी. अशा पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. पुडीत ई जीवनसत्त्व होते आणि सेलेनियम नावाचे खनिज होते, अगदी कणभर. हा 'कणभर' लक्षात ठेवा. सेलेनियम फार कमी पडले तर स्नायू दुबळे होतात. प्रमाणाबाहेर गेले तर तेच विष होते.

एकदा कोसळलेल्या गोदामाखाली ठिपकीने दोन हमाल शोधून काढले. घरी भेटायला माणसे आली. एकाने विचारले, "हिला खायला काय घालता हो?" शिटीवाल्यांनी मला उचलून दाखवले. मी काहीच केले नव्हते. नाक तिचे, मेहनत दोघांची. पण कौतुक कुणाला नको असते? मी आपला गप्प राहून फुगलो.

पुढे पूड संपली. दुकानात तशीच मिळेना, म्हणून शिटीवाले वेगळे पाकीट घेऊन आले. "त्यातूनच घाला की," मावशी म्हणाल्या.

"पाकीट ही बया अर्ध्या तासात फाडेल. जुना डबा बरा. झाकण घट्ट आहे, चमचाही आहे."

"मग पाकीट टाकू नका. त्याला चेन आहे, माझी बटणं राहतील."

पाकीट माझ्यात रिते झाले. पूड वेगळी आहे, हे मी लगेच ओळखले. ही पूड जड होती, बारीक होती. ती कुत्र्यांच्या मोठ्या निवाऱ्यांसाठी होती. दहा कुत्र्यांच्या खाण्यात एक चमचा मिसळायची. तसे पाकिटावर छापलेले होते. पण पाकीट गेले शिवणयंत्राच्या खणात आणि माझ्या पोटावर मात्र अजून लिहिलेले होते, रोज एक सपाट चमचा.

ठिपकीची पथकातली वार्षिक परीक्षा जवळ आली तसा तो सपाट चमचा शीग लागलेला झाला, मग दोन झाले. "जरा जास्त ताकद येऊ दे," शिटीवाले म्हणत. त्यांच्या हातात प्रेमच होते. चमचा आत आला की मला वाटे, पूड घट्ट धरून ठेवावी. डब्याला धरता येत नाही.

महिन्याभरात ठिपकीचे केस गळू लागले. नखे ठिसूळ झाली. ती जिना चढताना मधेच बसे. मावशी एकदा तिचे तोंड पुसताना हसल्या, "काय गं, चोरून लसूण खाल्लास की काय? केवढा वास!" घरात आठवडाभर लसूण आणलेला नव्हता. तो वास सेलेनियमचा होता. हसण्यावारी गेला.

परीक्षेच्या दिवशी ठिपकी ढिगाऱ्याच्या अर्ध्यावर गेली आणि आडवी झाली. शिटीवाल्यांनी तिला खांद्यावर टाकून खाली आणले आणि थेट प्राण्यांच्या डॉक्टरीण बाईंकडे नेले. मलाही पिशवीत घालून नेले. मला वाटले, सुटलो! आता कुणीतरी जाणती व्यक्ती मला पाहील.

बाईंनी मला पाहिलेही. हातात घेतले, चष्मा वर सरकवला, पोटावरचे आकडे नीट वाचले. "रोज किती देता?"

"एक. हल्ली दोन," शिटीवाले चाचरत म्हणाले. "माझं काही चुकलं का?"

"छे हो. यात सेलेनियम इतकं कमी आहे की दोनाने काही बिघडत नाही. हे चालू ठेवा. आपण रक्त तपासू."

मित्रांनो, त्यांच्याकडून माझे झाकणही उघडायचे राहिले. बाई खोटे बोलत नव्हत्या, शिटीवालेही नव्हते. खोटा मी होतो, आणि मला खरे बोलता येत नव्हते. त्या संध्याकाळी पुन्हा दोन चमचे गेले. ठिपकीने वाटी चाटून पुसून स्वच्छ केली.

पुढचे नऊ दिवस असेच गेले. रक्ताच्या तपासणीत यकृत दुखावलेले दिसले, कारण कळेना. मग एका सकाळी मावशींना सदऱ्यासाठी चार छिद्रांची बटणे हवी होती. त्यांनी पाकीट टेबलावर पालथे केले, चष्म्यासमोर धरले आणि त्या एकदम उभ्या राहिल्या.

"अहो! अहो, इकडे या आधी! दहा कुत्र्यांना एक चमचा लिहिलंय!"

शिटीवाल्यांनी पाकीट वाचले, मग मला वाचले. ते खाली बसले. गळ्यातली शिटी त्यांनी ओठांत धरली. ती श्वासाबरोबर बारीक वाजत राहिली.

डॉक्टरीण बाईंनी पूड त्या क्षणी बंद केली. "मी डबा वाचला, आत काय आहे ते विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. ठिपकी वाचली. केस परत आले. मागच्या पायांतले बळ मात्र पूर्ण आले नाही. ढिगाऱ्यावर तिला आता कुणी नेत नाही. पथकाची गाडी निघाली की ती दाराशी उठून उभी राहते आणि शिटीवाले तिच्याकडे न बघता बाहेर पडतात.

मित्रांनो, मुक्या जिवाला काही देताना आधी विचारा : हे खरेच लागते का, आणि किती? प्रेमाने चमचा शिगोशीग भरू नका. आणि एका डब्यात दुसरे काही ओतलेत, तर जुनी अक्षरे आधी खरवडून काढा.

माझी मावशींनी काढली. त्यांनी मला गरम पाण्याने धुतले, पट्टी सोलली आणि ठळक काळ्या शाईने एकच शब्द लिहिला : 'खिळे'. आत खिळेच आहेत.